मेसेज गेला, पण पोचलाच नाही: विंडोज, लिनक्स आणि मॅक एकत्र नांदवताना

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "काल चालत होतं, आज मेसेज जात नाहीये." नेटवर्कवर चार-पाच विंडोज, दोन लिनक्स, एखादा मॅक आणि सगळ्यांवर सर्व्हरशिवाय चालणारा कुठलातरी लॅन मेसेंजर, म्हणजे एकाच नेटवर्कवरच्या संगणकांना थेट एकमेकांना मेसेज पाठवू देणारा प्रोग्रॅम. मग कोणीतरी तो प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकतं, कोणी राउटर बंद-चालू करतं, आणि गंमत म्हणजे खरंच चालू होतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. अशा मिश्र नेटवर्कची देखभाल मी बरीच वर्षं करतोय आणि सुरुवातीला मीही हेच करायचो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

हा बिघाड शोधणं फारसं अवघड नसतं. तो परत का येतो, हे शोधायचं मात्र सहसा राहून जातं. म्हणून खाली दुरुस्तीबरोबर ती दुरुस्ती कशी निसटते हेही लिहितोय. कमांडची नावं देवनागरीत दिली आहेत; टाइप करताना अर्थातच ती रोमनमध्येच करायची.

आधी तक्रार नीट लिहून घ्या

"जात नाही" हा शब्द खोडा आणि "कुठून कुठे पोचत नाही" असं लिहा. दोन संगणक निवडा, एक विंडोज आणि एक लिनक्स. इकडून तिकडे एक मेसेज, तिकडून इकडे एक. मग तेच पुन्हा, पण या वेळी यादीतल्या नावावर क्लिक न करता समोरच्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता) देऊन. अशी चार उत्तरं कागदावर आली की निम्मं काम झालं.

आयपीने पोचतो आणि नावाने पोचत नाही, तर भानगड नावाची आहे. दोन्हीकडून काहीच जात नाही, तर बहुधा रस्ता बंद आहे. आणि एका बाजूने जातो पण उलट येत नाही, ही सगळ्यांत जास्त आढळणारी तऱ्हा. इथे केबल, स्विच, राउटर यांना हात लावू नका. एका दिशेने पॅकेट (माहितीची पाकिटं) जाताहेत म्हणजे रस्ता शाबूत आहे. ज्या संगणकावर मेसेज येत नाही, त्याचं दार बंद आहे. फायरवॉल, म्हणजे संगणकाचा पहारेकरी, आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवत नाही, त्याच्या उत्तरालाही आत घेतो. बाहेरून आपणहून येणाऱ्याला मात्र अडवतो. म्हणजे तक्रार करणारा ज्या मशीनवर बसलाय ते मशीन बहुतेकदा निर्दोष असतं, आणि आपण नेमकं तेच उघडून बसतो.

अजून एक फसवी तऱ्हा आहे. पाठवणाऱ्याला "मेसेज पोचला नाही" असं दिसतं, पण समोरच्याकडे तो आलेला असतो, कधीकधी दोन-तीनदा. यूडीपी या साध्या पद्धतीने पाठवलेल्या पॅकेटला मुळात पोच नसते. पाकीट पेटीत टाकलं, विषय संपला. त्यामुळे आयपी मेसेंजरसारखे प्रोग्रॅम स्वतःची वेगळी पोच मागवतात आणि ती आली नाही की तोच मेसेज पुन्हा पाठवतात. अशा वेळी मेसेज नाही, पोच अडकलेली असते. मग दोषी दार बहुधा पाठवणाऱ्याचं: त्याच्या फायरवॉलने ती पोच उत्तर न समजता अनोळखी पॅकेट समजून अडवलेली असते.

समोर ऐकायला कोणी आहे का?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण जुने सल्ले वाचून काम करणाऱ्यांचे तासचे तास इथेच जातात. "नेट सेंड" ही मेसेज पाठवायची जुनी कमांड अजूनही लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. ती विंडोजच्या मेसेंजर नावाच्या सर्व्हिसवर चालायची. (त्याच नावाचा चॅटचा प्रोग्रॅम वेगळा, त्या गोंधळाने तेव्हाही लोकांना छळलं होतं.) या सर्व्हिसमधून २००२-०३ च्या सुमारास जाहिरातींच्या खिडक्या उघडू लागल्या. ऑक्टोबर २००३ मध्ये तिच्यातली एक गंभीर सुरक्षा-त्रुटी बुजवावी लागली. ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने ती मुळातच बंद ठेवली आणि व्हिस्टापासून ती काढूनच टाकली. म्हणजे लिनक्सवरून "एसएमबीक्लायंट" ला मोठा एम हा पर्याय देऊन आजच्या विंडोजला विनपॉपअप (म्हणजे नेट सेंडच्याच जातीचा) मेसेज पाठवायचा प्रयत्न केलात, तर ते पॅकेट घ्यायलाच तिकडे कोणी बसलेलं नाही. कितीही पोर्ट (संगणकाची क्रमांक दिलेली दारं) उघडा.

उलट दिशेची गोष्ट अधिक मजेची आहे. सांबा (विंडोजशी फाइल वाटून घ्यायचा प्रोग्रॅम) चालवणाऱ्या लिनक्सवर असे मेसेज घेता येतात, पण सांबाच्या सेटिंगमध्ये "मेसेज कमांड" ही ओळ लिहिलेली असेल तरच. ती नसेल तर मेसेज फेकला जातो आणि पाठवणाऱ्याला एरर मिळते. ओळ असली तरी ती कमांड सहसा पाहुण्या खात्याने, म्हणजे बहुतेक ठिकाणी "नोबडी" या नावाने चालते, आणि त्या बिचाऱ्याला तुमच्या डेस्कटॉपवर खिडकी उघडायचा अधिकार नसतो. मेसेज आला, फाइलमध्ये उतरला, कमांडही चालली, पडद्यावर मात्र शून्य. ती कमांड लगेच परतलीही पाहिजे, म्हणून शेवटी अँपरसँड (&) लावतात. नाहीतर पाठवणारा संगणक थिजून बसतो. जुनी मशीन अजून वापरात असतील तरच या भागाचा उपयोग. बाकीच्यांनी ही वाट सोडून द्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या विंडोजमध्ये मेसेज पाठवायला "एमएसजी" ही कमांड आहे. होम आवृत्तीत ती मिळत नाही. "कमांड सापडत नाही" असं दिसलं तर शोध तिथेच संपला. प्रो आवृत्तीत ती आहे, पण दुसऱ्या संगणकाला पाठवताना "एरर ५" किंवा "एरर १७२२" येते. ५ म्हणजे परवानगी नाही. १७२२ म्हणजे आरपीसी सर्व्हरपर्यंत (दुरून आलेली कामं घेणाऱ्या सेवेपर्यंत) पोचता आलं नाही, आणि त्यामागे बहुधा नाव चुकलेलं असतं किंवा फायरवॉलने पोर्ट ४४५ अडवलेलं असतं. पोचायचं तर समोरच्या मशीनच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) टर्मिनल सर्व्हर या किल्लीखाली "अलाउ रिमोट आरपीसी" ची किंमत १ करावी लागते, आणि दोन्हीकडे चालणारं खातं लागतं. इथे एक खाच आहे: पासवर्ड नसलेलं खातं नेटवर्कवरून वापरू देत नाहीत, हा विंडोजचा मूळ नियम. त्यामुळे "आम्ही सगळ्यांवर एकच यूजर ठेवलाय, पासवर्ड काही नाही" या व्यवस्थेत एमएसजी कधीच चालत नाही. आणि लिनक्स किंवा मॅक या कमांडचं मुळात ऐकतच नाहीत.

थोडक्यात, मिश्र नेटवर्कात दोन्ही टोकांना एकच भाषा बोलणारा प्रोग्रॅम हवा. हा नियम विंडोजने आणलेला नाही. युनिक्सवरच्या "टॉक" या प्रोग्रॅमची १९८३ च्या ४.२ बीएसडीबरोबर आलेली आवृत्ती आणि १९८६ च्या ४.३ बीएसडीमधली आवृत्ती एकमेकांशी बोलूच शकत नसत. नाव एक, काम एक, प्रोटोकॉल वेगळा. आजही एका मशीनवर मेसेंजरची जुनी आवृत्ती आणि दुसऱ्यावर नवी असेल, तर आधी त्या सारख्या करा आणि मगच पुढे वाचा.

नावाची गल्लत

जुनी नेटबायॉस पद्धत फक्त १५ अक्षरांचं नाव ओळखते. १६ वी जागा त्या नावाच्या प्रकारासाठी राखलेली असते. नाव लांब ठेवलं आणि वेगळेपण दाखवणारा आकडा शेवटी टाकला, तर १५ अक्षरांनंतरचा आकडा कापला जातो आणि दोन संगणक एकाच नावाचे होतात. मग मेसेज कधी एकाला जातो, कधी दुसऱ्याला, कधी कोणालाच नाही. हा दोष मी प्रत्यक्ष पाहिलाय आणि तो सापडेपर्यंत दोन दिवस भुताटकीवर विश्वास बसत चालला होता. आकडा नावाच्या सुरुवातीला घ्या, भूत जातं.

लिनक्स आणि मॅक नाव शोधायला एमडीएनएस वापरतात: शेवटी "डॉट लोकल" असलेलं नाव, यूडीपी पोर्ट ५३५३, मल्टिकास्ट (म्हणजे ठरावीक गटाला एकदम पाठवायचा) पत्ता २२४.०.०.२५१. विंडोज त्याच्याबरोबर स्वतःची एलएलएमएनआर ही तशीच पद्धतही वापरतं, पोर्ट ५३५५ वर. त्यामुळे एकच नाव एका मशीनला सापडतं आणि शेजारच्याला नाही, यात नवल नाही. दोन्हीकडून त्या नावाला पिंग करा (म्हणजे "आहेस का?" असं विचारणारी कमांड चालवा) आणि कंसात कोणता आयपी दिसतो तो पाहा. दोन्हीकडे वेगळे आयपी आले तर जुनी नोंद कुठेतरी साठून राहिलीय.

पिंगबद्दल एक सावधगिरी. उत्तर आलं नाही म्हणजे संपर्क नाही, असं समजू नका. विंडोज सार्वजनिक नेटवर्कवर पिंगला उत्तर देत नाही, आणि मॅकवर स्टेल्थ मोड चालू असेल तर तोही गप्प राहतो. पिंग करून लगेच "एआरपी" कमांडने यादी पाहा. समोरच्या आयपीपुढे मॅक पत्ता (म्हणजे नेटवर्क कार्डाचा, ॲपलचा नव्हे) दिसला, तर दोन्ही मशीन एकमेकांना दिसताहेत, फक्त समोरचा बोलत नाहीये. ही एक युक्ती कळल्यापासून मी केबल बदलणं जवळजवळ सोडून दिलंय.

रस्ता: वायफाय, सबनेट आणि नको ते ॲडॅप्टर

दोघांचंही इंटरनेट व्यवस्थित चालतंय आणि तरी एकमेकांना दिसत नाहीत, तर वायफायच्या सेटिंगमध्ये "क्लायंट आयसोलेशन" किंवा "एपी आयसोलेशन" शोधा. गेस्ट नेटवर्कवर ते बहुधा चालूच असतं. प्रत्येकाला बाहेरचा रस्ता मोकळा, शेजाऱ्याकडे जायला बंदी. एखादा लॅपटॉप चुकून गेस्ट नेटवर्क लक्षात ठेवतो आणि अधूनमधून आपणहून त्याला जोडला जातो. "कधी चालतं, कधी नाही" याचं हे एक साधं उत्तर.

सर्व्हर नसलेले मेसेंजर एकमेकांना शोधतात ते ब्रॉडकास्ट करून, म्हणजे चौकात उभं राहून हाळी देऊन. ही हाळी राउटर ओलांडत नाही. दोन मजले दोन सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागांत) असतील तर यादीत नाव दिसणारच नाही. तिथे समोरच्याचा आयपी हाताने भरावा लागतो आणि बहुतेक चांगल्या प्रोग्रॅममध्ये तशी सोय असते. एकाच स्विचवर असूनही एकाचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० आणि दुसऱ्याचा २५५.२५५.०.० असेल, तर दोघांचे ब्रॉडकास्ट पत्ते वेगळे पडतात आणि हाळी ऐकूनही न ऐकल्यासारखी होते.

मग येतात आभासी ॲडॅप्टर, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेली नेटवर्क कार्डं. व्हर्च्युअलबॉक्स टाकलेल्या मशीनवर बहुधा १९२.१६८.५६.१ हा एक पत्ता असतो, डॉकर असलेल्या लिनक्सवर १७२.१७.०.१, व्हीपीएन असेल तर आणखी एक. मेसेंजरने यातला चुकीचा ॲडॅप्टर निवडला तर तो इमानेइतबारे रिकाम्या खोलीत ओरडत बसतो. हे विशेषतः प्रोग्रॅमरांच्या मशीनवर होतं, आणि "माझ्याकडे तर कधीच काही बिघडत नाही" असं म्हणणारेही तेच असतात. सेटिंगमध्ये ॲडॅप्टर निवडायची सोय असेल तर खरा ॲडॅप्टर पक्का करा.

"सुरू केल्यावर चार-पाच मिनिटं चालतं आणि मग सगळे ऑफलाइन दिसतात" ही तक्रार आली, तर मी थेट स्विचकडे जातो. काही मेसेंजर ब्रॉडकास्टऐवजी मल्टिकास्ट वापरतात. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त गटातल्यांनाच पोचवायची सोय) चालू असेल आणि नेटवर्कात "क्वेरिअर", म्हणजे गटात कोण आहे हे अधूनमधून विचारणारा, कोणीच नसेल, तर कोण कोणत्या गटात आहे याची नोंद स्विच ठरावीक वेळाने पुसून टाकतो. नेहमीच्या मूल्यांनी ही मुदत २६० सेकंद भरते. प्रोग्रॅम पुन्हा चालू केला की तो नव्याने नाव नोंदवतो, पुन्हा चार मिनिटं सुखाची. प्रोग्रॅम काढून-टाकून लोकांना "फरक पडतो" असं वाटतं त्याचं एक कारण हे. क्वेरिअर चालू करा, नाहीतर छोट्या नेटवर्कात स्नूपिंग बंद करा.

दार: फायरवॉल

बहुतेक प्रकरणं शेवटी इथे येऊन थांबतात, त्यामुळे इथे जरा सावकाश.

विंडोज प्रत्येक नेटवर्कला एक प्रोफाइल देतं: डोमेन, प्रायव्हेट किंवा पब्लिक. पब्लिकमध्ये येणाऱ्याला जवळजवळ सगळी बंदी. नवा राउटर आला, यूएसबी नेटवर्क कार्ड दुसरं लावलं किंवा नेटवर्कची ओळख पटली नाही, की विंडोज त्याला नवं नेटवर्क समजतं आणि ते पब्लिक होऊन बसतं. मेसेंजरला परवानगी दिली होती ती प्रायव्हेटसाठी. परवानगी अजून जागेवर आहे, नेटवर्कच तिच्याखालून सरकलं. सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइल प्रायव्हेट करणं हा एका मिनिटाचा उपाय आहे, आणि "काल चालत होतं" या तक्रारींपैकी सगळ्यांत जास्त माझ्याकडे यानेच सुटल्या आहेत.

याहून छुपा दोष पुढचा. मेसेंजर पहिल्यांदा चालू केल्यावर विंडोज खिडकी उघडून विचारतं, याला परवानगी द्यायची का? घाईत कोणी "कॅन्सल" दाबतं. आपली समजूत अशी की कॅन्सल म्हणजे काहीच झालं नाही. प्रत्यक्षात विंडोज त्या प्रोग्रॅमसाठी "ब्लॉक" असा नियम लिहून ठेवतं. नंतर तुम्ही हुशारीने पोर्ट उघडता, आयपी मेसेंजर असेल तर २४२५, यूडीपी आणि टीसीपी (पोच घेणारी पद्धत) दोन्ही. तरी मेसेज येत नाही. कारण विंडोजच्या फायरवॉलमध्ये परवानगी आणि बंदी समोरासमोर आल्या की बंदी जिंकते. प्रगत फायरवॉलच्या खिडकीत इनबाउंड नियमांची यादी नावाने लावा आणि त्या प्रोग्रॅमसमोरची लाल खूण शोधा. सहसा दोन असतात, एक टीसीपीची आणि एक यूडीपीची. दोन्ही पुसा.

नियम प्रोग्रॅमच्या पूर्ण पाथवर बांधलेला असतो, हेही ध्यानात असू द्या. नवी आवृत्ती वेगळ्या फोल्डरमध्ये बसली की जुना नियम बिनकामाचा होतो. प्रोग्रॅम यूजरच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसत असेल, तर त्याच मशीनवर दुसरा यूजर आला की त्याच्यासाठी सगळं पहिल्यापासून. म्हणून मी प्रोग्रॅमवर नियम बांधत नाही. पोर्टवर बांधतो आणि "फक्त लोकल सबनेट" अशी मर्यादा घालतो.

लिनक्सला एक प्रणाली समजणं हीच चूक आहे. उबुंटूवर यूएफडब्ल्यू हा फायरवॉल असतो, पण मुळात बंद. फेडोरा वर्कस्टेशनवर फायरवॉल-डी चालू असतो, पण त्याच्या नेहमीच्या झोनमध्ये (नियमांच्या गटात) १०२५ पासून ६५५३५ पर्यंतची पोर्ट उघडीच असतात, त्यामुळे २४२५ तिथे काही न करता चालतं. तोच फायरवॉल-डी "पब्लिक" झोनमध्ये असलेल्या दुसऱ्या वितरणावर मात्र वाट अडवतो. "माझ्या लिनक्सवर चालतं, त्याच्या लिनक्सवर नाही" याचा उलगडा बऱ्याचदा इथे होतो.

फायरवॉल-डीचा एक खास चावट स्वभाव आहे. पोर्ट उघडताना "परमनंट" लिहिलं नाही तर ते लगेच उघडतं आणि मशीन पुन्हा चालू झालं की बंद होतं. परमनंट लिहिलं तर नोंद कायमची होते, पण "रिलोड" करेपर्यंत लागू होत नाही. पहिल्या चुकीने दुरुस्ती सोमवारपर्यंत टिकते. दुसऱ्या चुकीने तुम्हाला वाटतं उपायच चुकला आणि तुम्ही भलतीकडे शोधत राहता. दोन्ही चुका मी केल्या आहेत, एकदा तर एकाच दुपारी.

मॅकचा फायरवॉल पोर्ट पाहत नाही, प्रोग्रॅम पाहतो. शिवाय २०२४ च्या मॅकओएस १५ सिक्वोयापासून "लोकल नेटवर्क" अशी वेगळी परवानगी आली. प्रोग्रॅमला आजूबाजूचे संगणक शोधायचे असतील तर ती लागते. अपग्रेड झाल्यावर खिडकी उघडते, माणूस "नको" म्हणतो आणि मेसेंजरची यादी रिकामी होते. फायरवॉल बंद करूनही काही होत नाही, कारण ही अडवणूक त्याची नाहीच. सिस्टीम सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली लोकल नेटवर्कच्या यादीत त्या प्रोग्रॅमचं बटण चालू करायचं.

दार उघडं, पण खुर्ची भलत्याच खोलीत

लिनक्सवर "एसएस" कमांड, विंडोजवर "नेटस्टॅट", मॅकवर "एलएसओएफ": यांनी कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्यावर ऐकतोय ते दिसतं. ०.०.०.० असेल तर सगळीकडून ऐकतोय. १२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर तो फक्त स्वतःचंच ऐकतोय. डेबियन आणि उबुंटूच्या होस्ट्स फाइलमध्ये मशीनचं नाव १२७.०.१.१ ला जोडलेलं असतं. एखादा प्रोग्रॅम स्वतःच्या नावावरून पत्ता शोधून तिथे ऐकायला बसला, की त्याला बाहेरचं काही ऐकू येणंच शक्य नाही. पाठवणं मात्र छान चालतं. पुन्हा तीच एकतर्फी तक्रार, आणि या वेळी फायरवॉल पूर्ण निर्दोष.

पोचलाय, दिसत नाहीये

तपासताना हे आधी बघायला हवं खरं तर, पण सांगताना नेहमी शेवटीच आठवतं.

विंडोज ११ काही वेळा "डू नॉट डिस्टर्ब" आपणहून चालू करतं: पडदा प्रोजेक्टरवर डुप्लिकेट केला असताना, पूर्ण पडद्यावर प्रोग्रॅम चालू असताना, मोठ्या अपडेटनंतरचा पहिला तास. म्हणजे सादरीकरण चालू असताना पाठवलेला मेसेज कोपऱ्यात उगवत नाही. प्रोग्रॅम उघडून इतिहास पाहा, तिथे तो असतो.

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर घड्याळाचा घोळ होतो. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स सहसा यूटीसी. एकातून दुसऱ्यात गेलं की वेळ काही तासांनी सरकते, आणि वेळेनुसार मेसेज लावणारा प्रोग्रॅम नवा मेसेज जुन्यांच्या मध्ये खोचून ठेवतो. माणूस तळाशी बघत बसतो.

मराठीचं दुखणं वेगळं सांगायलाच हवं. इंग्रजी मेसेज पोचतो आणि मराठी मेसेज प्रश्नचिन्हांची रांग होऊन येतो, तेव्हा नेटवर्कचा काही दोष नसतो. विंडोजवर देवनागरीसाठी सिस्टीमचं जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) नाहीच, फक्त युनिकोड. जो प्रोग्रॅम अजून कोडपेजवर चालतो तो प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो, आणि ते अक्षर पाठवतानाच मेलेलं असतं; समोर फाँट बदलून जिवंत होत नाही. दोन्ही टोकांना एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना-मात्रा-वेलांटी ही वेगळी चिन्हं मोजली जातात. नेहमीच्या इथरनेटवर एका यूडीपी पॅकेटमध्ये १४७२ बाइट मावतात. त्याहून मोठं झालं की तुकडे होतात, आणि काही फायरवॉल आणि व्हीपीएन तुकडे टाकून देतात. म्हणजे जो मजकूर इंग्रजीत दीड हजार अक्षरांपर्यंत निर्धास्त जातो, तो मराठीत पाचशेच्या आतच धोक्याच्या रेषेला लागतो. "छोटे मेसेज जातात, मोठे गायब होतात" अशी तक्रार असेल तर ही रेषा आठवा. जुन्या विनपॉपअपला तर एकूण १६०० बाइटचीच मर्यादा होती. त्यापुढचा मजकूर सरळ कापला जायचा.

तरीही सापडत नसेल तर

पोर्ट उघडं आहे का हे पाहायला लोक पॉवरशेलमधली तपासणी कमांड किंवा नेटकॅट वापरतात. पहिली फक्त टीसीपी तपासते. नेटकॅट यूडीपीवर चालतो, पण समोरून नकार आला नाही की "यशस्वी" म्हणून मोकळा होतो. पॅकेट फायरवॉलने गिळलं असलं तरी उत्तर तेच. यूडीपीच्या बाबतीत या दोघांच्या साक्षीवर मी निकाल देत नाही.

निकाल देतो वायरशार्क, हा येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम, आणि तो ज्याला मेसेज येत नाही त्या मशीनवर लावायचा. पाठवणाऱ्याच्या आयपीचा फिल्टर लावा, समोरून एक मेसेज पाठवायला सांगा. पॅकेट दिसलं तर रस्ता ठीक, आता फक्त याच मशीनचा फायरवॉल किंवा प्रोग्रॅम उरला. येणारं पॅकेट फायरवॉलने अडवण्याआधीच कॅप्चर होतं, त्यामुळे अडवलेलं पॅकेटही इथे दिसतं. दिसलंच नाही तर हे मशीन सोडून मागे चालत जा: स्विच, वायफाय, पाठवणारा. विंडोजवर फायरवॉलचा लॉग मुळात बंद असतो. टाकून दिलेल्या पॅकेटची नोंद चालू केली की "पीफायरवॉल" नावाच्या फाइलमध्ये ड्रॉप लिहिलेली ओळ मिळते, पोर्टसकट. वाद मिटवायला तिच्याइतका चांगला कागद नाही.

आणि पुन्हा सोमवारी

सगळं चालू झालं, आठवड्याने पुन्हा बंद. दुरुस्ती ज्याला बांधली ती गोष्ट बदललीय. हाताने भरलेला आयपी डीएचसीपीने (आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेने) बदलून दिला असेल. उपाय म्हणून राउटरवर प्रत्येक मशीनचा पत्ता राखून ठेवला असेल, तर ते मशीन वायफायवर खरा हार्डवेअर पत्ता दाखवतंय का ते पाहा. विंडोजमध्ये "रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस" आणि मॅकमध्ये "प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस" चालू असेल तर राउटरला ते मशीन अनोळखी वाटू शकतं आणि राखलेला पत्ता मिळतच नाही. आपल्या स्वतःच्या नेटवर्कपुरतं ते बंद करा, बाहेर चालू राहू द्या.

प्रत्येक मशीनमागे मी एका छोट्या फाइलमध्ये चार गोष्टी लिहितो: राखलेला आयपी, नेटवर्कचा प्रोफाइल किंवा झोन, मेसेंजरची आवृत्ती, आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला झाला. तक्रार आली की आधी हे चार ताडून पाहतो, आणि बऱ्याचदा वायरशार्क उघडायची वेळच येत नाही. परवाच एक जण म्हणाला, सगळं जुळतंय तरी सकाळचे मेसेज येत नाहीत. लॅपटॉप झाकण मिटून झोपलेला होता, आणि त्यांच्या मेसेंजरमध्ये झोपलेल्यासाठी निरोप ठेवून घेणारा सर्व्हरच नव्हता. पाठवणाऱ्याच्या यादीत त्याचं नाव मात्र अजून हिरवं दिसत होतं.